गणपूर्ती आणि गोलकीपर

आमच्या हॉकी लीगचे नियम मी केलेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. ते केले आमच्या सेंटर हाफनं. मी फक्त त्यांच्यावरून भांडले, आणि भांडण्यात मी कधी कमी पडलेली नाही.

मी पी.टी.ची मॅडम. तेलगावच्या बाजूला एका शाळेत पोरींना हॉकी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. कबड्डी शिकवा, खो-खो शिकवा, हे काय वाकड्या काठ्यांचं खूळ काढलंय, असं गावातल्या बड्या मंडळींनी तोंडावर म्हणून पाहिलं. मी कुणाचं ऐकते होय! त्या पोरी आता चाळिशीकडे झुकल्या. लग्नं होऊन कुठल्या कुठं गेल्या. सासरी कुणाचं आडनाव बदललं, कुणाचं तर नावच बदललं, त्यामुळं मी नावाच्या भानगडीत पडत नाही. माझ्यासाठी कोण सेंटर हाफ, कोण लेफ्ट आउट, कोण गोलकीपर. फोन आला की त्या पण तसंच सांगतात, "मॅडम, मी लेफ्ट आउट बोलतेय."

ही लीग काढली त्या साली पाऊस झालाच नव्हता. दिवाळी सरली न सरली तोच टँकर सुरू झाले. अशात टीव्हीवर बायकांच्या हॉकीची लीग लागणार म्हणून बातमी आली, आणि उमापूरला दिलेल्या लेफ्ट आउटनं आमच्या ग्रुपवर टाकलं, "मॅडम, आपण बी आपापल्या टीमा करू." तिची कल्पना अशी की खरा सामना टीव्हीवरच्या पोरींनी खेळायचा, पण त्यांतल्या खेळाडू आधी आपण आपसांत निवडून वाटून घ्यायच्या. एकीनं घेतलेली खेळाडू दुसरीला मिळायची नाही. मग मैदानात तिनं गोल केला, गोल अडवला, की गुण आपल्या टीमला. क्रिकेटची पोरं मोबाइलवर करतात तेच. ॲपबिप आम्ही धुंडाळून पाहिलं, पण तिथं नुसतं क्रिकेट. हॉकीला कोण विचारतंय! म्हटलं, मरू दे ते ॲप, आपण ग्रुपवरच करू. मी धरून सहा जणी तयार झाल्या.

आता निवड करायची तर नियम हवेत. कुणाचा नंबर कधी, विचार करायला किती वेळ, हे ठरवायला हवं. ते काम सेंटर हाफनं आपणहून अंगावर घेतलं. ती कडा गावाला असते, तिथल्या बायकांच्या दूध संस्थेची सचिव आहे. मैदानावर होती तशीच आहे अजून, सगळा खेळ आपल्या हातातून गेला पाहिजे. तिनं दुसऱ्या दिवशी नियम पाठवले आणि मी चष्मा पुसून दोनदा वाचले. डिट्टो संस्थेची नोटीस! प्रत्येक निवडीस पाच मिनिटं. एकदा निवडलेली खेळाडू कोणत्याही सबबीवर बदलून मिळणार नाही. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. आणि शेवटी, गैरहजर सभासदाच्या खेळाडू अध्यक्ष निवडतील. अध्यक्ष कोण, तर मी.

मी हसत सुटले. "अगं बाई, हॉकी आहे का वार्षिक सर्वसाधारण सभा?"

"मॅडम, हसू नका," ती म्हणाली. "समद्यांची वाट बघत बसलं तर आमच्या संस्थेची येक बी सभा व्हायची न्हाई. दूध नासतं तवर."

खोटं नव्हतं तिचं. सहकाराच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पहिल्या सभेला चार डोकी, मग चहा, मग तहकूब सभा, आणि जे काही ठरायचं ते त्या तहकूब सभेत ठरतं. आलेल्यांचं ठरतं आणि न आलेल्यांवर लागू होतं.

सगळ्यांनी ग्रुपवर होकाराचे अंगठे टाकले. एक अंगठा आला नाही, गोलकीपरचा. ती त्या वेळी कर्नाटकात होती, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला. तिकडच्या कारखान्याच्या फडात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांच्या झोपडीत मुक्काम. दुष्काळ नसता तर गेली नसती असं मी म्हणणार नाही, पण त्या साली गावात राहून करणार काय? फोन चार्ज करायचा तर मुकादमाच्या कोपीत बोर्ड. तिचा निरोप आला तो आवाजातच आला, कारण कोयता धरलेल्या हातांनी टाइप करायचा तिला कंटाळा.

"मॅडम, मी गैरहजर ऱ्हायले तर तुमी निवडणार म्हनं माझ्या पोरी. मग मला घेता कावून? आजपातूर माझं समदं दुसऱ्यानंच निवडलंय. शाळा कवा सोडायची, कुनाच्या घरी जायचं, कोनत्या कारखान्यावर जायचं. हे येक तरी मला करू द्या की."

बोलताना ती हसत होती. म्हणूनच मला जास्त लागलं. दहावीची परीक्षा व्हायच्या आधी तिचं लग्न ठरलं तेव्हाही ती अशीच हसत मला पत्रिका द्यायला आली होती. मी तिच्या बापाशी जाऊन तावातावानं भांडले होते. तो हात जोडून उभा राहिला आणि लग्न झालं. अशा वेळी पी.टी.च्या मॅडमचं काय चालतं? डोंबल!

मी ग्रुपवर लिहिलं, तो नियम रद्द. अध्यक्ष कुणाची खेळाडू निवडणार नाही. गोलकीपर असेल तरच निवड होईल.

झालं, सेंटर हाफचा फोन. "मॅडम, आयतवारपासून सामने सुरू हायत. ते काय आपल्यासाठी थांबणार हायत का? आन् तिची वेळ तिलाच ठावं नसती."

तिथंच सगळी मेख होती. ऊसतोडीला घड्याळ नसतं. पहाटे तोडायला लागायचं, आणि कारखान्याची गाडी जेव्हा येईल तेव्हा भरायला उठायचं. दुपारी येईल, नाहीतर मध्यरात्री. गाडी आली की जेवणावरून उठायचं. बाकीच्यांचंही काही सुखाचं नव्हतं. लेफ्ट आउटला टँकर, सेंटर हाफला सकाळ-संध्याकाळ दूध आणि मधल्या वेळेत चाऱ्याची मारामार, आणि मला बीडात नळ कधी येईल याची धास्ती. सगळ्यांचा मिळून दुपारचा एक तुकडा निघाला. गुरुवारी दुपारी निवड ठरली.

गुरुवारी पाच जणी हजर. गोलकीपर नाही. सेंटर हाफनं लिहिलं, गणपूर्ती झालेली आहे, सुरू करावे. मी लिहिलं, गोलकीपर गोलात नसताना कुठला पंच शिट्टी वाजवतो ते मला सांग. संध्याकाळी निरोप आला, गाडी आली होती, ऊस भरत होते, तुम्ही घ्या उरकून मॅडम.

शुक्रवारी परत तेच. या वेळी लेफ्ट आउट तडकली. "म्या टँकरचा नंबर सोडून आले! सासू घरात आदळआपट करायलीय. मॅडम, तुमचा तिच्यावर पयल्यापासूनच जीव हाय."

"आहे," मी म्हटलं. "मग?"

पण फोन ठेवल्यावर माझंच मन खायला लागलं. रांगेतली घागर सोडून येणं म्हणजे काय ते मला कळत नव्हतं असं नाही. एकीच्या हौसेपायी दुसरीला तहानलेली ठेवायची का? बाकीच्या दोघींनीही हळूच सुचवलं, तिला तीन-चार नावं आधीच विचारून ठेवू, शिल्लक राहील ते तिच्या नावावर टाकू. शहाणपणाचं होतं ते. मी तिला तसं कळवलंसुद्धा. तिचं उत्तर आलं, "बरं मॅडम." एवढंच. पुढं हसणं नाही, काही नाही. ते "बरं" मी कितीदा ऐकलं कोण जाणे.

शनिवार उजाडला. उद्या सामने. मी चहा टाकलेला, तेवढ्यात तिचा आवाज आला, धावत आल्यासारखा.

"मॅडम, कारखाना बंद पडलाय! काय तर तुटलंय मशीनीत. आज गाडीच न्हाई. सांजपातूर मोकळी हाय मी!"

एरवी कारखाना बंद पडला की टोळीचा जीव टांगणीला लागतो, दिवसाची मजुरी बुडते. आणि ही बाई हरखलेली! मी ग्रुपवर मोठ्या अक्षरांत टाकलं, असाल तशा या, आत्ता.

आणि आल्या हो! ग्रुपवर कॉल लावला; नोंदी आणि नियमाचं बोलणं मात्र, सेंटर हाफच्या हट्टापायी, लिहूनच. लेफ्ट आउट टँकरच्या रांगेतून बोलत होती, मागं पाइपावरनं चाललेली भांडणं आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होती. सेंटर हाफनं चाऱ्याचा ट्रक दारात उभा करून ठेवला आणि ड्रायव्हरला सांगितलं, मीटिंग आहे. माझ्याकडं नेमका त्याच घटकेला नळ आला. आठवड्यानं आलेला नळ! यजमान मोरीतून ओरडले, "अहो, पाणी आलंय!"

"मग भरा की!" मी म्हटलं. "तुम्हाला काय हात नाहीत?"

त्यांनी भरलं. पिंपं बदलता बदलता सगळा बोळ भिजवला, पण भरलं.

चिठ्ठ्या टाकल्या. गोलकीपरचा नंबर शेवटी आला. पहिल्या पाच निवडी दणादण झाल्या. जिला तिला गोल मारणाऱ्या पोरी हव्या होत्या. सेंटर हाफनं मात्र मधली फळी घेतली, मी म्हटलं ना, खोड जात नाही. मग गोलकीपरचा नंबर आला. तिच्या बाजूनं वाऱ्यात पाचट वाजत होतं. मागून एक पुरुषी आवाज म्हणाला, "काय चाललंय गं?" आणि ती म्हणाली, "थांबा वो जरा, माझा नंबर हाय." तो बिचारा गप झाला असावा, पुन्हा काही ऐकू आलं नाही.

पाच मिनिटं होत आली तशी तिनं एक नाव घेतलं. एका टीमची गोलकीपर. आम्हाला वाटलंच होतं. सेंटर हाफनं लिहिलं, नोंद घेतली, दुसरी फेरी सुरू करावी.

तेवढ्यात तिचा आवाज. "मॅडम, बदलू का?"

नियम तर होता, कोणत्याही सबबीवर नाही. मी लिहायला घेतलं आणि थांबले. नियम जिचा होता तिच्याकडून उत्तर यायला हवं होतं. 'सेंटर हाफ टाइप करत आहे' असं दिसायचं, जायचं, परत दिसायचं. शेवटी आलं, "बदल गं."

तिनं बचावातली एक पोरगी घेतली. जरा वेळानं, "न्हाई, ही नको." मग गोल मारणारी एक घेतली. "न्हाई, ही बी नको." लेफ्ट आउटचा टँकर रिकामा होत आलेला, मला वाटलं आता ही बया फोन आपटते. तर ती रांगेतूनच ओरडली, "घे घे, तुला कोण पायजे ती घे! माझी घागर भरून झालीय!" खोटं बोलत होती. मागून कुणीतरी तिला पुढं सरक, पुढं सरक म्हणत होतं.

मग गोलकीपरनं पुन्हा नाव घेतलं. तेच, पहिलं.

माझा स्वभावच वाईट. एवढ्या जणी ताटकळलेल्या, मी खेकसले, "अगं बये, तीच घ्यायची होती तर एवढा घोळ घातलास कशाला?"

तिकडून तिचं हसू आलं. पत्रिका द्यायला आली तेव्हाचं ते हसू नव्हतं. गोल अडवून धुळीतून उठताना हसायची, तसं.

"पयलीच चांगली हाय, मॅडम," ती म्हणाली. "पर बदलता येतंय का, ते बघत हुते."