करडईचं तेल प्यालेले ब्रेक पॅड

मी ताडकळसजवळच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझ्या डोक्याची काळजी करायला नको. नजर लागणं, अंगात येणं, लिंबू-मिरची... यातलं काहीही मी मानत नाही. घरात मानणारे एकच, माझे सासरे आबा. ते बैलांचीसुद्धा दृष्ट काढतात.

आणि हा अनुभव आला तो आबांमुळेच. भुताखेताचा नाही बरं का, भीतीचाही नाही. आठवला की मला अजून हसू फुटतं.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. माझ्या भावाला लग्नानंतर चौदा वर्षांनी मुलगी झाली. तो येलदरीला राहतो. बारसं दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, साडेबाराच्या आत. बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्यानं, आणि आत्या एकच — मी! चौदा वर्षं मी त्या एका 'कुर्रर्र'ची वाट बघत होते. मला उशीर झाला तर बाळाची मावशी पदर खोचून तयारच होती. तिच्याशी माझं काही वाकडं नाही, पण हा मान मी सोडणार नव्हते.

नवऱ्याची ड्युटी होती, सणामुळं एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून ठरलं, मोटारसायकल मी चालवायची आणि आबांनी मागं बसायचं.

दसऱ्याला गाडी धुऊन पूजेला लावली. आता आबांचा जन्म गेला पोळ्याला बैलांची शिंगं तेलानं चमकवण्यात. पुढच्या चाकातली ती ब्रेकची चकती, डिस्क, बघून त्यांचा हात शिवशिवला. मी आत पुरणाच्या नादात, आणि इकडं आबांनी वाटीभर करडईचं तेल फडक्यानं चोळून चोळून डिस्कला पाजलं!

सकाळी निघालो. गावातल्या पहिल्याच स्पीडब्रेकरला मी ब्रेक दाबला आणि गाडी अलगद जाऊन कडब्याच्या गंजीत शिरली. पडलो नाही, रुतलो.

"आबा, चाकाला काय लावलं तुम्ही?"

"तेल लावलं की. लय कोरडं दिसू लागलं हुतं बिचारं."

गावातल्या मेकॅनिकनं बोट फिरवून वास घेतला आणि मान हलवली. डिस्कला आवळून धरणाऱ्या पॅडनं तेल पिलंय, आता पुसून भागणार नाही, बदलावेच लागतील, आणि ते परभणीलाच मिळतील. मागच्या ब्रेकवर, बैलगाडीच्या चालीनं परभणी गाठली. आबा रस्ताभर मागून वाकून चाकाकडंच बघत होते. मलाच वाईट वाटायला लागलं.

स्पेअर पार्टच्या दुकानात मुश्ताकभाईंनी काउंटरवर तीन पाकिटं मांडली, प्रत्येकावर एक सुटा नमुना. "मॅडम, हे कंपनीचं. हे कडक, टिकतं लय, पण डिस्क खातं. आन् हे मऊ. पकड एक नंबर, पण झिजतं लवकर. बोला."

मी विचार करतेय तोवर आबांनी कडक पॅड नखानं खरवडला, मऊ पॅड नाकाशी नेला, दातावर वाजवून बघितला. बियाणं घेताना करतात तसं.

"हेच घे. आपून बारशाला जायलोत, कडक कशाला?"

मुश्ताकभाई खळखळून हसले. "चाचा, तुमी दुकानात बसा की माझ्या!"

बाहेर त्यांच्या मेकॅनिकनं चाकाशी बसून खटपट केली, नट आवळला, उठला. तेवढ्यात भावाचा फोन — "ताई, कुठं हायस? मावशी पाळण्यापाशी जाऊन उभी राह्यली!" मी किक मारलीच. आबांनी बसायच्या आधी टाकीवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. म्हणाले, "लेकराचं नाव ठिवायला जायलोत बाई. थांब म्हनलं की थांबायचं."

आणि गाडी थांबत होती हो! रेल्वे फाटकाला, जिंतूरच्या गर्दीत, जिथं दाबावा तिथं. जिंतूर सोडल्यावर येलदरीकडं उतार लागतो. तिथं वळणावर अचानक शेळ्यांचा कळप आडवा आला. घाबरून माझा पाय मागच्या ब्रेकवरून निसटला. हातात फक्त पुढचा ब्रेक. दाबला... आणि कुणी मागून कमरेला धरावं तशी गाडी जागेवर उभी राहिली. एका शेळीनं हेडलाइट हुंगला आणि ती निवांत पलीकडं गेली.

"शाबास गं बाई," आबा म्हणाले. मला वाटलं मलाच म्हणाले.

बाराला पोचलो. मावशीनं पाळण्यापाशी मला ओढतच नेलं. मी वाकले, कुर्रर्र केलं, येलदरीच्या नदीचंच नाव सांगितलं, 'पूर्णा'. बायकांनी पाठीत असे धपाटे घातले की डोळ्यांत पाणी आलं. धपाट्यांमुळंच आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

जेवणं झाली. आबांनी सुपारीसाठी बंडीच्या खिशात हात घातला आणि सुपारीच्या पिशवीबरोबर एक पाकीट खाली पडलं. मऊवाले पॅड. कोरे करकरीत, सील न फोडलेले.

मी मुश्ताकभाईंना फोन लावला. पलीकडून मेकॅनिकच ओरडला, "मॅडम, तुमी थांबलातच कुठं! मी माप बघून नवं पाकीट चाचांकडं धरायला दिलं आन् जुनेच परत लावले, गाडी सावलीत घ्यायची म्हणून. डिस्क पुसायला कापड आणायला आत गेलो, तर तुमी गायब!"

भावानं तिथंच चाकातले पॅड काढून बघितले. तेलानं चकाकत होते. बोटाला करडईचा वास. परत बसवून अंगणात गाडी ढकलली, मी सगळा जोर लावून पुढचा ब्रेक दाबला... गाडी रांगोळीवरून सरळ तुळशीपर्यंत गेली. वाटेत उष्णतेनं तेल जळालं असेल म्हणावं, तर मग आता का घसरली? तीनदा ढकलली. तीनदा घसरली.

"आगं, मी गाडीला सांगितलं हुतं की," आबा म्हणाले.

"मग आता का थांबत नाही ती?"

"आता कशाला थांबल? नाव ठिवून झालं की."

नवे पॅड भावानं बसवून दिले, गाडी छान चालते. जुने मी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवलेत. दरवर्षी आठवीला घर्षणाचा धडा येतो, आणि 'तेलामुळे घर्षण कमी होते' हे वाक्य शिकवावंच लागतं. ते खरंही आहे. यंदा तेवढं एक वाक्य मी फळ्याकडं तोंड करून सांगितलं.