जाधव गुरुजींचा आवाज

स्पीकरला कान लावला, तर बारीक घरघर ऐकू येत होती. म्हणजे स्पीकर जिवंत होते. कॉम्प्युटरकडून त्यांच्यापर्यंत आवाजच पोचत नव्हता.

मी रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्त करते. त्या दिवशी मांडवीला जाधव गुरुजींच्या घरी गेले होते. गुरुजी शेजारच्या खुर्चीत बसून माझे हात बघत होते. घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. त्याआधी जयंतीच्या कार्यक्रमात त्यांचं गाणं ठरलेलं असायचं. घरी रियाझाला बसले की ते याच मशीनवर रेकॉर्ड करत.

"मुलग्याने नवा मॉनिटर पाठवलान, तेव्हापासून मुका झालाय," गुरुजींच्या बायको, म्हणजे काकू, म्हणाल्या. मग गुरुजींकडे बघून त्यांनी जीभ चावली.

पुढचं हळूच म्हणाल्या, "आधी एक जण येऊन गेला. हेडफोन लावून बघितलान. म्हणाला, साउंड कार्ड गेलं. लिनक्स काढून सगळं पुसून परत टाकूया."

"पुसलं नाही ना काही?"

"यांनी हातच धरलनी त्याचा."

साउंड कार्ड म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारा भाग. हल्ली तो मदरबोर्डवरच असतो. लिनक्सला, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमला, कमांड देऊन विचारलं, तर कार्ड व्यवस्थित दिसत होतं. पण नवा मॉनिटर जोडल्यापासून सगळा आवाज एचडीएमआय केबलने मॉनिटरकडे चालला होता, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. मी सेटिंग्जमध्ये आउटपुट बदललं.

तरी शांतता. काकूंनी मान खाली घातली.

मग आवाज कमीजास्त करायचा मिक्सर स्क्रीनवर उघडला. तिथे ऑटो म्यूट चालू होतं. हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद होतात, ती ही सोय. हेडफोन तर कुठेच नव्हता. टॉर्च मारून कॅबिनेटच्या पुढचा हेडफोनचा जॅक बघितला. खाऱ्या हवेने आत हिरवा गंज धरला होता. त्या माणसाने हेडफोन काढला, पण गंजलेली पत्ती जागेवर आलीच नाही. कार्डाला वाटत होतं, हेडफोन अजून लावलेलाच आहे.

मी ऑटो म्यूट बंद केलं आणि माउस गुरुजींपुढे सरकवला. "तुम्हीच लावा काहीतरी."

त्यांनी बराच वेळ शोधून एक फाइल उघडली. आधी खाकरणं ऐकू आलं. मग भरदार आवाज.

"शालन, पंखा बंद कर गं. रेकॉर्डिंगमध्ये येतो."

"केला हो," काकू सवयीने बोलून गेल्या.

गाणं सुरू झालं. काकूंनी हात वर केला. गुरुजींनी गाणं थांबवलं आणि फाइल पुन्हा सुरुवातीला नेली. परत तेच वाक्य. परत तिथेच थांबवलं.

"गाणी काय, लोकांच्या मोबाइलवर पण आहेत," काकू म्हणाल्या. "मला हाक मारलेली कुणाकडे असणार?"

गुरुजींचे खांदे हलत होते. हसतायत की रडतायत ते मला कळलं नाही. मी कॅबिनेटचे ढिले स्क्रू आवळत बसले. माझ्या वडिलांचा आवाज मला आता आठवत नाही, हे तेव्हा फार जाणवलं.

निघण्याआधी सगळ्या फाइल्स पेन ड्राइव्हवर घेऊन दिल्या.

दुकानात लोक जुनी रेकॉर्डिंग साफ करायला आणतात. सुरुवातीचं खोकणं, बोलणं मी सरसकट कापून टाकत असे. आता आधी विचारते.