ओठ वाचणारी नोरा

सत्तरचं दशक संपत आलं असताना मी ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडमधल्या एका गावात गुरांचा डॉक्टर म्हणून रुजू झालो. मुंबईला, परळच्या कॉलेजात शिकून आलेल्या माझं इंग्रजी तिथे कोणाला कळेना. दर वाक्याला "सॉरी, मेट?" नोरा वॉर्डल मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि लगेच उत्तर द्यायची. मला ते बघणं जरा विचित्रच वाटलं. मग तिच्या नवऱ्याने, वॉल्टरने सांगितलं, "इंग्लंडात कापडगिरणीत होती. मागांच्या खडखडाटात बायका ओठ वाचूनच बोलायच्या. हिचे कान तिथेच गेले."

गिरणी बंद पडली, तेव्हा दोघं तान्ह्या मुलीला घेऊन बोटीने इकडे आले. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या गोठ्यात राबले आणि मग स्वतःच्या साठ गाई केल्या. पहाटे पाचला दूध काढायला तिघंही उभी. मुलगी सूझन वासरांना पाजून मग शाळेची बस पकडायची. नोरा सगळ्यांनाच लाडाने 'लव्ह' म्हणायची. मला सांगायची, "गिरणीत धागा तुटला की मुकादम ओरडायचा. गाय ओरडत नाही, लव्ह, नुसता पान्हा चोरते. तिच्याशी नीटच वागावं लागतं."

त्या वर्षी सरकारने गाई गाभडण्याच्या रोगाची तपासणी सक्तीची केली. वॉर्डलांच्या गाईंचं रक्त मीच घेतलं. पहिल्या खेपेला नऊ गाईंत रोग निघाला, पुढच्या खेपेला वीस. शेवटी सगळाच कळप मारायचा हुकूम आला.

सांगायला मी गेलो, तेव्हा ती दुधाचे कॅन धूत होती. मी खाली बघून पुटपुटलो. तिने ओल्या हाताने माझी हनुवटी वर केली.

"माझ्याकडे बघून सांग."

"सगळ्या, नोरा. एकही ठेवता येणार नाही."

तिने नळ बंद केला. म्हणाली, "वॉल्टरला मी सांगते. तू चहा पिऊन जा."

ट्रक आला त्या दिवशी वॉल्टर घराबाहेर पडलाच नाही. नोराने एकेक गाय नावाने हाक मारून वर चढवली. तिच्या हाकेला त्या मुकाट गेल्या. मी फाटकापाशी उभा होतो. माझ्याने तिथे थांबवेना आणि निघूनही जाववेना.

त्यांनी पुन्हा गाई घेतल्या नाहीत. वॉल्टर लोण्याच्या फॅक्टरीत लागला, नोरा शाळेत झाडलोट करू लागली. दिसली की आपणहून थांबायची, माझ्या मुलांची चौकशी करायची. तीन वर्षांनी, हिवाळ्यात, शाळेच्या वऱ्हांड्यातच ती कोसळली. हृदय बंद पडलं.

दफन झाल्यावर वॉल्टर माझ्याजवळ आला. ट्रकच्या दिवसापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"तिने तुला कधीच दोष दिला नाही," तो म्हणाला. "मी दिला. रोज दिला."

त्याने माझ्या कोटाची बाही घट्ट धरली, आणि सूझन गाडी घेऊन येईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.