आधी तुझा पाय

दातखीळ बसते म्हणजे नेमके काय होते, हे मला दीड महिन्यापूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. इंदापूरहून सकाळच्या मोटारीने आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला बारामतीत शाळेच्या दारातच गाठले आणि म्हणाले, "तुमच्या दत्तू मास्तरांची दातखीळ बसलीय. वहिनींनी ताबडतोब बोलावलंय." मी चक्क हसलो. दत्तू आणि कशाला घाबरला, असे काहीसे बोललोही. ते गृहस्थ हसले नाहीत... दुपारच्या मोटारीने मी इंदापूरला पोहोचलो. खोलीची खिडकी घोंगडी लावून झाकली होती. थोडा उजेड आला, एखादे भांडे वाजले, तरी त्याच्या अंगाला झटके येत आणि पाठ धनुष्यासारखी वाकत असे. जबडा घट्ट मिटलेला, डोळे मात्र पूर्ण शुद्धीवर. त्याने मला ओळखले. मिटल्या दातांतून काही सांगू पाहिले. तीन वेळा त्याने तेच सांगितले, मला एकदाही कळले नाही, आणि तिन्ही वेळा मी "हो, हो" म्हणालो. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. धनुर्वात, असे डॉक्टरांनी सांगितले. पुण्याहून मागवलेली लस त्याच दिवशी दुपारी येऊन पोहोचली.

दत्तू आणि मी ट्रेनिंग कॉलेजपासूनचे सोबती. दोघांनाही पहिली नेमणूक बारामतीला मिळाली, एकाच खोलीत राहिलो, आणि दोघांत मिळून एक जुनी सायकल घेतली. त्या काळी आमच्या शाळेत सायकल असलेला मास्तर दुसरा नव्हता, त्यामुळे आम्हांला थोडी मिजासही चढली होती. चालवायचा बहुधा दत्तू. मी मागे कॅरिअरवर, धोतर सावरत. डाव्या हाताने चालावे, अंधार पडला की दिवा लावावा, वळणावर घंटी वाजवावी, हे म्युनिसिपालिटीचे नियम आम्हांला पाठ होते. पाळायचे ते गावात, पोलीस दिसला तर.

एका हिवाळ्यात जळोचीकडून परत येत होतो. दिवेलागण होऊन गेली होती. दिव्यात तेल नव्हते, आणि उताराला रस्त्याची उजवी कड गुळगुळीत, म्हणून दत्तूने सायकल तिकडून सोडली होती. समोरून डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली एक बाई येत होती. आम्हांला ती दिसली नाही, तिला आम्ही दिसलो नाही. धडक बसली तेव्हा मी मागच्या मागे पडलो. उठून पाहतो तर बाई रस्त्यात आडवी, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला, आणि दत्तू सायकल धरून पुतळ्यासारखा उभा. आसपास चिटपाखरू नव्हते. तेव्हा मी जे बोललो ते आजवर कुणाला सांगितले नाही. मी म्हणालो, "दत्तू, चल. कुणी पाहिलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग सायकल रस्त्याच्या कडेला निजवली आणि बाईपाशी गुडघे टेकून बसला. "आई, हलू नका. मी धडक दिली तुम्हांला. मी इथंच आहे," म्हणाला. ती कण्हत होती, शिव्याही देत होती. त्याने आपला सदरा फाडला, उन्हासाठी बरोबर घेतलेली माझी छत्री मोडून तिच्या काड्या काढायला लावल्या, आणि जमेल तसा पाय बांधला. मला बैलगाडी आणायला पिटाळले. दवाखान्यात कंपाउंडरने ते बांधलेले सोडून पाहिले आणि म्हणाला, "बांधलंय उलटं, पण न हलवता आणलंत हे बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी फौजदारांसमोर जबानी झाली. आधी मला विचारले, दिवा होता का? मी "होता" म्हणालो. दत्तूला विचारले, तर तो म्हणाला, "नव्हता. बाजूही चुकीची होती. बाईंचा काही दोष नाही." फौजदारांनी माझ्याकडे असे पाहिले की अजून आठवले तरी कानशिले तापतात. कोर्टात त्याला दंड झाला, शाळाखात्याकडून ताकीद आली. दत्तू मला एका शब्दाने बोलला नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी, स्वयंपाक करता करता, एकदम म्हणाला, "तू चल म्हणालास ना, तेव्हा माझा एक पाय पेडलवरच होता रे. तुझ्यापेक्षा मीच जास्त भ्यालो होतो."

त्या बाईचे नाव सगुणाबाई. नवरा नाही, मूलबाळ नाही. जळोचीला पाटाच्या पाण्यावर थोडी भाजी करायची आणि रोज सकाळी बारामतीच्या मंडईत आणून विकायची. पाय मोडल्यावर भाजी नेणार कोण? दत्तूने नेली. तिचा पाय प्लॅस्टरमध्ये होता तोवर, अडीच महिने, हा माणूस उजाडता जळोचीला जाई, वांगी आणि मेथी तोडून सायकलला पाटी बांधी, मंडईत तिच्या जागी बसे, आणि शाळेची घंटा व्हायच्या आत हात धुऊन वर्गात उभा राही. गावाने यथेच्छ थट्टा केली. मंडईतल्या बायका "काय मास्तर, आज मुळा कसा दिला?" म्हणून मुद्दाम विचारायच्या. हेडमास्तरांनी खोलीत बोलावून शाळेच्या अब्रूची आठवण दिली. दत्तू सगळे ऐकून घ्यायचा. सगुणाबाई अंगणात बाजेवर पडून त्याला दामटायची. "अवो मास्तर, वांगी अशी कोंबत्यात व्हय? देठं टोचत्यात एकमेकाला. हितं पाला घाला, हितं!" एक दिवस मी बरोबर गेलो होतो, तेव्हा मला म्हणाली, "ह्यो तुमचा दोस्त येडा हाय. पर पळून ग्येला न्हाय." मी खाली मान घातली. तिचा पाय बरा झाला, तरी थोडा आखूडच राहिला. ती लंगडत मंडईत येताना दिसली की दत्तू बोलता बोलता थांबायचा... पुढे वर्षानुवर्षे थांबायचा.

मग त्याची इंदापूरला बदली झाली, लग्न झाले, आणि सायकल मी त्यालाच देऊन टाकली. तिकडे त्याचे एक वेडच झाले. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी तो पटांगणात फक्कीने रस्ता आखी. अर्धी मुले गाड्या, अर्धी पादचारी. कुणी उजवीकडून आला की सगळ्यांनी थांबायचे. बाजाराच्या दिवशी अनोळखी सायकलवाल्यांना थांबवून तो ब्रेक दाबून पाही, आणि लोकही पाहू देत. नरसिंहपूरच्या जत्रेला एक्के, गाड्या आणि माणसे यांची एकच दाटी होते, तिथेही तो वळणावर हात वर करून उभा राही. सायकलच्या दांड्याला एक कापडी पिशवी कायमची अडकवलेली असे. तिच्यात स्वच्छ धुतलेल्या पट्ट्या, कात्री आणि टिंक्चर आयोडिनची बाटली. जखम धुवायची कशी, रक्त दाबायचे कसे, हे तो बारामतीच्या त्या कंपाउंडरकडून रीतसर शिकून आला होता. "रस्त्यावरच्या शेणामातीची जखम सगळ्यांत वाईट," हे त्याचे ठरलेले वाक्य. मुलांकडून तो ते पाठच करून घेई.

आणि असा माणूस शेणामातीच्या जखमेने गेला.

झाले ते असे, तिथे मदतीला धावलेल्या वाटसरूंकडून दत्तू गेल्यावर मला कळले. एका रविवारी सकाळी तो बारामतीच्या रस्त्याने सायकलवर निघाला होता, माझ्याचकडे. पुढे मारुती नावाच्या शेतकऱ्याची बैलगाडी होती. मागून एक खाजगी मोटार आली आणि तिने अगदी जवळ येऊन कर्कश हॉर्न दिला. बैल बुजले, गाडी आडवी झाली आणि कलंडली. दत्तूने ब्रेक दाबला, तो रस्त्याकडेच्या चारीत फेकला गेला. मोटार थांबलीच नाही. मारुतीची पोटरी चाकाच्या लोखंडी धावेने उभी फाटली होती. दत्तूची चप्पल कुठे उडाली होती, आणि चारीतून उठताना बाभळीचा काटा टाचेत खोल गेला होता. मारुती म्हणाला, "मास्तर, तुमच्याबी पायातनं रगत येतंय की." दत्तूने काटा उपसून फेकला. "आधी तुझा पाय," म्हणाला. मारुतीच्या घागरीत उरलेले सगळे पाणी त्याने त्या जखमेवर ओतले, माती आणि शेण कण कण करून काढले, आयोडिनची बाटली शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली, पट्टी बांधली. वाटसरूंच्या मदतीने गाडी उभी केली, सायकल गाडीत टाकली, आणि जन्मात कधी कासरा न धरलेला हा माणूस गाडी हाकत इंदापूरच्या दवाखान्यात गेला. तिथून चौकीवर. मोटारीचा नंबर अर्धाच दिसला होता, तेवढाच दिला. आणि वर लिहून दिले की, बैलगाडीही रस्त्याच्या मधोमध चालली होती. स्वतःच्या टाचेबद्दल दवाखान्यातही बोलला नाही, घरीही नाही. आठव्या दिवशी सकाळी भाकरी चावता येईना.

तेराव्याला मी पुन्हा इंदापूरला होतो. वहिनी, म्हणजे दत्तूची पत्नी यशोदा, आल्यागेल्याचे पाहत होत्या. दुपारी जेवणे आटोपल्यावर ओट्यावर कुणी हाक मारली, "मास्तर हायत का?" मारुती होता. गावाबाहेर राहणारा माणूस, त्याला काहीच कळले नव्हते. काखेत भोपळा घेऊन आला होता. "पाय बरा झाला. म्हटलं, मास्तरास्नी दावून यावं." घरातली पांगलेली माणसे, वहिनींचे कपाळ पाहून त्याचा चेहरा उतरत गेला. मग त्याने हळूच विचारले, "काय झालं व्हतं वो?"

खरे काय ते माझ्या जिभेवर आले होते. त्याची चूक नव्हती, पण मला राग आला होता, कुणाचा तरी यावा म्हणून आला होता. बाटलीत दोन थेंब उरले असते तर... वहिनींनी माझ्याकडे एकदाच पाहिले. आणि मारुतीला म्हणाल्या, "ताप आला होता. चार दिवसांत गेले."

भोपळा खाली ठेवून तो ओट्यावर बसला. मग कशासाठी आलो ते आठवून, अवघडत, त्याने धोतर वर केले आणि पोटरी पुढे केली. वहिनी त्याच्यासमोर खाली बसल्या. त्या माणसाच्या पायाला त्यांनी हात लावला नाही, पण जवळून, खूप वेळ, जखमेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत राहिल्या. कुठे सूज नव्हती, कुठे पू नव्हता.

दत्तूने फौजदारापुढे माझे खोटे चालू दिले नव्हते. वहिनींचे हे चालू दिले असते का, ते मला ठरवता येत नाही. मारुतीला वाचता येत नाही, म्हणूनच मी हे लिहायला धजलो आहे.

तो गेल्यावर वहिनी दारातच उभ्या होत्या. मी काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "पाहिलीत ना भाऊजी? किती सुरेख भरलीय. वणसुद्धा राहायचा नाही."