म्हशीच्या बदल्यात आलेला सॅक्सोफोन

झुलाल नाना आमच्या गावचा, एरंडोल तालुक्यातला. पावसाळ्यात थोडी कोरडवाहू जमीन आणि लग्नसराईत सॅक्सोफोन, असा त्याचा संसार. सॅक्सोफोनला आमच्याकडे वाकडी पिपानी म्हणायचे. त्या पिपानीसाठी नानाच्या घरची दुभती म्हैस गेली, म्हणून गावानं नानाला येडा ठरवला. खरं तर म्हैस विकली त्याच्या बायकोनं, भागाबाईनं.

नाना मिसरूड फुटल्यापासून अभिमन भाऊच्या बँडमध्ये. अभिमननं त्याला दिलेला बाजा शिकाऊ पोरांसाठी करतात तसला, स्वस्तातला. डब्याच्या पत्र्यासारखं पितळ. भोकांवर बसणाऱ्या चामड्याच्या गाद्या कधी धड बसायच्या नाहीत. जिथून हवा गळायची तिथं नाना सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवायचा. तरी अर्धा दम सुरात जायचा, अर्धा वाऱ्यावर. मे महिन्याच्या उन्हात, धुळीत, गुलालात असं फुंकून फुंकून त्याची छाती गेली. रात्रभर खोकायचा.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट असेल. भागाबाई त्याला जळगावला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, "फुंकणं बंद करा."

नाना बाहेर येऊन म्हणाला, "बंद करी दिधं तं खाऊत काय?"

त्याच सालात भुसावळहून बातमी आली. रेल्वेच्या क्वार्टरात एक किरिस्ताव ड्रायव्हर वारला होता, त्याची बाई त्याचा विलायती बाजा विकत होती. नवराबायको दोघं गेले. नानानं बाजा हातात घेतला, तोंडाला लावला आणि फुंकायच्या आधीच जणू सूर बाहेर आला. नुसता श्वास सोडायचा, बस. नानाच्या गळ्याच्या शिरा फुगल्या नाहीत. भागाबाईनं सूर ऐकलाच नाही, तिनं त्या शिरा पाहिल्या. पुढच्या बाजाराला म्हैस दोरीला धरून तीच चालली.

शेजारचा जीवराम ओट्यावरून म्हणाला, "म्हैस दूध देस. ते पितळ काय देस, भागाबाई?"

"रातभर त्या मनाजोडे खोकतस, तुनाजोडे नही," असं म्हणून ती पुढं निघाली. नवऱ्याचा उल्लेख ती 'त्या' असाच करायची.

नवा बाजा वरातीत कोणाच्या ध्यानातही आला नाही. नाचणाऱ्याला काय, ढोल जोरात पाहिजे. उलट अभिमनच कुरकुरला, "नाना, आवाज गोड शे, पन ढोलखाले दबस. जुनाच बरा व्हता, कसा चिरकायचा."

"आवाज दबू दे भो," नाना म्हणाला. "मी तं नही दबत ना."

दोन सराया अशा गेल्या. नाना चांगला वाजवत होता आणि रात्री पडल्या पडल्या झोपत होता. बाज्याला तो जिवापाड जपायचा. उन्हानं गाद्या वाळतात म्हणून थांबला की त्याच्यावर काहीतरी पांघरायचा.

तेच नडलं. धुळ्याला एक मोठं लग्न होतं. बँडवाले वरण-बट्टी खायला पंगतीत बसले, तेव्हा नानानं बाजा मांडवातल्या खाटेवर ठेवून वर गोधडी टाकली. नवरीचा मामा, चांगला पोत्यासारखा माणूस, पोट भरून आला आणि गोधडी पाहून धपकन बसला.

बोटांखालच्या कांड्या वाकल्या, नळी चेपली. त्या भागातले बँडवाले सगळे बाजे दुरुस्तीला धुळ्याच्या भटू तांबटाकडे टाकायचे. भटूनं बाजा उलटासुलटा केला.

"नाना, हाई मनं काम नही. मुंबईले धाड. दोन महिना लागतीन, पन नीट व्हई."

"भर लगीनसराईमा? आते कसा धाडू?" नाना म्हणाला. "बठ्ठा बाजा तूच सुधारस. हाऊ बी बाजाच शे ना? लाव डाग."

भटूनं झाळायचा दिवा पेटवून कथलाचा डाग लावला, जसा फुटक्या हंड्याला लावतात. आच लागून गाद्या करपल्या, बारीक स्प्रिंगा मऊ पडल्या. विलायती बाजा त्या दिवसापासून जुन्या बाज्यापेक्षा जास्त गळायला लागला. पुढं मुंबईला धाडावा म्हटलं तर विकायला दुसरी म्हैस नव्हती.

नाना पुन्हा अभिमनच्या जुन्या बाज्यावर आला. पण दोन सराया सुखानं वाजवलेली छाती आता ते जुनं रेटणं विसरली होती. तिसऱ्याच वरातीत त्याच्या तोंडातून लाल आलं. अंगावर गुलालच गुलाल, कोणाला दिसलं नाही. अभिमनला दिसलं.

"आते फुकू नको," अभिमन म्हणाला. "विलायतीच आन, चमकस चांगला. फक्त उभा राय."

प्रत्येक बँडमध्ये असे एकदोन असतात. रांग मोठी दिसावी म्हणून झगमगता कोट घालून, बाजा तोंडाला लावून गाल फुगवणारे. नाना तसा उभा राहिला. बोटं मात्र बरोबर चालायची, एक सूर चुकायचा नाही. आवाज दुसऱ्याचा.

एका लग्नात नवरदेवाचा काका त्याच्यासमोर थांबला, डोळे मिटून डोलला, "वा, काय वाजवता मास्तर," म्हणाला आणि त्याच्या कोटाला नोट टाचून गेला. वरात संपल्यावर नानानं नोट अभिमनच्या हातात ठेवली, कोट काढून दिला आणि पायी एस्टी स्टँडवर गेला. नंतर त्यानं बाजा तोंडाला लावला नाही. हिवाळा निघाला नाही त्याचा.

दहाव्याला जीवराम जेवायला होता. हात धुता धुता भागाबाईला म्हणाला, "ती म्हैस राहती तं आज तुले आधार व्हता. काय भेटनं त्या पितळमा?"

"दोन साल त्या रातले झोपनात," भागाबाई म्हणाली. "मीबी झोपनू." आणि उष्ट्या पत्रावळी उचलायला लागली.