उजव्या हातानं

नव्या हेडफोनच्या स्पंजला एक रबरी वास असतो. तो आला की मला आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या सिगरा भागातलं, नेट कंपनीचं ते दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस आठवतं, जिथे बी.एस्सी. झाल्यावर मी फोनवरून ग्राहकांच्या तक्रारी सोडवायच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजही पाहिलं नव्हतं. बाबा नदीवरच्या राजा घाटावर यात्रेकरूंची श्राद्धं करतात. शेजारच्या खोलीतून मुलाखत घेणारे साहेब ग्राहक बनून फोन करणार, नेट बंद आहे म्हणणार, आणि मी ते सुरू करून द्यायचं, एवढीच परीक्षा होती. मी पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. "बिटिया, हमको तो कुछ समझ में नहीं आया," साहेब म्हणाले. नोकरी गेली असंच वाटलं. मग बाबांची रीत आठवली. ते यजमानाला 'उजव्या हातानं पाणी सोडा' अशी एकच कृती सांगतात, ती होईपर्यंत थांबतात, मगच पुढची. मीही तसंच सुरू केलं. "अब दाहिने हाथ से पीछे वाला तार निकालिए." पलीकडून साहेबांनी विचारलं, "दाहिने से ही क्यों? बाएँ से नेट रूठ जाएगा?" मी शरमले, तर तेच म्हणाले, "अच्छा, निकाल लिया. आगे बताइए." नोकरी मिळाली. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "समोरच्याचा हात दिसत नाही?" "नाही." "मग तर जास्त थांबावं लागेल गं." आता मी फोनवर एक गोष्ट सांगते आणि थांबते, पलीकडे कुणीतरी टेबलाखाली वाकून तार शोधत असतं, आणि मला घाई नसते.