नसलेली म्हैस

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझ्या शाळेतली एक मैत्रीण, दोघी जालन्याहून डोंगर चढायला निघालो. राजूरच्या पुढे दरीत वसलेलं एक लहानसं गाव तिनं हेरून ठेवलं होतं. गावात शिरलो तोच ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या एका मावशींनी अडवलं.

"कोणाकडं आल्या?"

"कोणाकडं नाही. डोंगरावर जायचंय."

"तिथं काय हाय?"

"काही नाही. नुसतंच चढायचं."

मावशींनी आमच्या बुटांकडं पाहिलं आणि पुन्हा सूप हाती घेतलं. पुढं आणखी तिघांनी हेच विचारलं. पारावर एक आजोबा दिसले, तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आतच मैत्रीण म्हणाली, "आमची म्हैस चुकलीय."

"मंग जल्दी जा," आजोबा म्हणाले. "ऊन चढून राह्यलं."

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. हसून हसून मला चढावर दोनदा बसावं लागलं. माथ्यावर दशम्या खाल्ल्या, फोटो काढले आणि दुपारी खाली उतरलो.

मावशींच्या अंगणात एक म्हैस बांधलेली होती. शेजारी आजोबा आणि चिखलानं माखलेले चार गडी.

"घ्या तुमची म्हैस," मावशी म्हणाल्या. "नाल्यात सापडली. गाभण हाय, अन् अशी सोडता व्हय?"

"ही आमची नाही," मैत्रीण पुटपुटली.

"तुमच्या म्हशीची शिंगं कशी हायेत?"

मैत्रीण शाळेत इंग्रजी शिकवते. ती म्हणाली, "गोल."

"हिची बी गोलच हायेत."

शेवटी मीच खरं सांगितलं. चौघा गड्यांनी आमच्याकडं असं पाहिलं की मान वर करवेना. आजोबांनी म्हशीचा कान निरखला. "ही तर डोंगरापल्याडच्या वस्तीवरची," ते म्हणाले.

मावशींनी दावं सोडून माझ्या हातात दिलं. "पोचवा आता हिला. खिंडीतून बराबर वाट हाय. तुमाला चढायचंच होतं न्हाई का?" बोलताना त्या जराही हसल्या नाहीत. गडी मात्र हसले.

वाट आमच्यापेक्षा म्हशीलाच ठाऊक होती. ती पुढं आणि आम्ही दाव्याला लोंबकळत मागं. मैत्रीण दोनदा शेणात घसरली. वस्तीवर पोचलो तशी एक बाई धावत आली आणि म्हशीच्या मानेला मिठी मारून रडायला लागली. दोन दिवस ती रानोमाळ हिंडत होती. आमचं हसू तिथंच मावळलं.

"तुमाला कशी सापडली ही?" तिनं डोळे पुसत विचारलं.

मैत्रीण तोंड उघडणार, तोच मी तिच्या दंडाला चिमटा काढला. "गावातल्या लोकांनी धरली," मी म्हणाले. "आम्ही फक्त घेऊन आलो."

बाईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीची गरम भाकरी, वांग्याची भाजी आणि वर लोणकढं तूप. मग तिच्या नवऱ्यानं आम्हा दोघींना मोटारसायकलवर बसवून डांबरी रस्त्यापर्यंत सोडलं. मैत्रीण माझ्या खांद्यावर डोकं टेकून वाटेतच झोपली.